खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन : पहिल्या एक्स-रेपासून कुबड्या सोडेपर्यंत

गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन आता जिल्ह्याच्या गावीही होतं. खुब्याचं तसं नाही. ते करणारे सर्जन मोजके आणि ते करून घेतलेली माणसंही ओळखीत सहसा सापडत नाहीत. विचारायला गेलं की 'बॉल बदलून टाका' नाहीतर 'या वयात कसला खुबा दुखतो?' एवढंच ऐकू येतं. मी या ऑपरेशनमधून गेले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस किंवा तुमच्या पायाचा निर्णय इथे मिळणार नाही. कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं, कुठले कागद जपायचे आणि कुठे फसगत होते, तेवढं सांगते.

सगळ्यात मोठी फसगत टाक्यांमुळे होते. दोन-तीन छिद्रं, जेमतेम एकेक सेंटिमीटरची. ती बघून घरचे, ऑफिसातले आणि आपण स्वतःसुद्धा याला छोटं ऑपरेशन समजतो. आत मात्र हाड घासलेलं असतं, फाटलेली कड हाडाला शिवलेली असते आणि सांध्याचं आवरण कापून पुन्हा शिवलेलं असतं. ते भरून यायला लागायचा तेवढा वेळ लागतोच.

१. दुखतं कुठे, ते बोट ठेवून दाखवा

डॉक्टरांना 'कंबर दुखते' एवढंच सांगितलंत तर मणक्याचा एक्स-रे निघणार. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत, पुढच्या बाजूला जाणवतं. पुष्कळ जण दाखवताना अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी हाताची पकड खुब्यावर ठेवतात. कुल्ल्यात दुखून कळ पायात खाली उतरत असेल तर मणका तपासायला हवा. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर टेकतं तिथे दुखत असेल तर स्नायूच्या दोरीचा किंवा तिथल्या पिशवीचा त्रास असू शकतो. उलटही घडतं. खुबा बिघडलेला असतो आणि माणूस गुडघा धरून बसतो.

भेटीआधी एका कागदावर लिहून न्या: बराच वेळ बसून उठताना चमक येते का, मोजे घालताना, गाडीत बसताना, जिना चढताना काय होतं, सांध्यात काही अडकल्यासारखं किंवा 'कट्' झाल्यासारखं वाटतं का. तपासताना डॉक्टर तुम्हाला उताणं झोपवून गुडघा छातीकडे नेतील, मग मांडी आतल्या बाजूला वळवतील. जांघेतली तुमची ओळखीची कळ तेव्हा उठली, तर ती तीच आहे हे स्पष्ट सांगा. दात आवळून गप्प बसण्यात अर्थ नाही.

२. आत काय बिघडतं, हे थोडक्यात समजून घ्या

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. वाटीच्या काठावर लेब्रम नावाची लवचिक कड असते. कुकरच्या रिंगसारखी ती सांधा बंद ठेवते. काही जणांच्या गोळ्याखाली, मानेजवळ हाडाचा उंचवटा असतो, काहींच्या वाटीचा काठ गरजेपेक्षा पुढे आलेला असतो. पुष्कळांना दोन्ही असतात. पाय वाकवला की हाड हाडाला थटतं, मधली कड चिरडते आणि पुढे वाटीतलं गुळगुळीत कूर्चेचं अस्तर सोलवटायला लागतं. कागदावर याला एफएआय लिहितात. बर्नचे सर्जन राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये खुब्याच्या संधिवाताचं एक कारण म्हणून हे मांडलं, आणि त्यानंतर दुर्बिणीच्या ऑपरेशनांना खरा वेग आला.

३. एक्स-रे आणि एमआरआय नीट काढून घ्या

दोन्ही खुबे एकाच फिल्मवर दिसतील असा समोरून एक्स-रे हवाच. त्याशिवाय डन व्ह्यू नावाचा, खुबा वाकवून घेतलेला एक्स-रे लागतो, कारण तो उंचवटा समोरच्या फिल्ममध्ये लपून राहू शकतो. चिठ्ठीवर व्ह्यूचं नाव लिहून घ्या, नाहीतर सेंटरवर 'खुब्याचा एक्स-रे' म्हणून एकच फिल्म काढतात आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' येतं. फ्रॅक्चर नाही एवढाच त्या नॉर्मलचा अर्थ असतो.

एमआरआय लेब्रमसाठी असेल तर दुखऱ्या खुब्याचा जवळून घेतलेला हवा. कधी सांध्यात औषध सोडून एमआरआय करतात. एव्हीएनची, म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर मात्र दोन्ही खुबे बघायला हवेत, कारण हा आजार पुष्कळदा दोन्हीकडे असतो. स्टेरॉइड घेतलेलं असेल किंवा दारूची सवय असेल तर ते न लाजता सांगा. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत एव्हीएन आढळल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं.

सेंटरवरून फिल्म आणि रिपोर्ट तर घ्याच, पण सीडी किंवा लिंक मागून घ्या. खुब्याचा सर्जन रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि स्वतः चित्रं बघतो.

इथे एक सावधगिरी. ज्यांना काहीही दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही फाटलेला लेब्रम सर्रास दिसतो. त्यामुळे 'लेब्रल टेअर' हे शब्द वाचले म्हणून ऑपरेशन ठरत नाही. तुमचा त्रास, तपासणीतल्या खुणा आणि चित्रं, तिन्ही जुळायला हवं. शंका उरली तर सोनोग्राफीत बघत सांध्यात भुलीचं इंजेक्शन देतात. पुढचे काही तास दुखणं थांबलं, तर उगम सांध्यातच आहे असं मानायला आधार मिळतो. त्या तासांत घरी पडून राहू नका. ज्यानं दुखतं तेच करून बघा, जिना चढा, खुर्चीत बसा, आणि किती फरक पडला ते लिहून ठेवा.

४. हे ऑपरेशन आपल्यासाठी आहे का?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. चुकीच्या खुब्यावर उत्तम झालेलं ऑपरेशन काही कामाचं नाही.

दुर्बिणीचा उपयोग होतो तो थटणारं हाड घासायला, फाटलेला लेब्रम शिवायला, सांध्यातले सुटे तुकडे काढायला, जंतुसंसर्ग झाला तर सांधा धुवायला आणि टीबीची शंका असेल तर आतल्या अस्तराचा नमुना घ्यायला.

झिजलेल्या सांध्याला ती नवं अस्तर देत नाही. एक्स-रेमध्ये सांध्याची फट २ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर निकाल चांगले येत नाहीत. अशा वेळी दुर्बीण घालून काही वर्षं ढकलू म्हणणाऱ्याला 'किती वर्षं, आणि कशावरून?' हे जरूर विचारा. वाटी मुळातच उथळ असेल तर काठ घासणं उलट नुकसान करतं, तिथे वाटीचं हाड कापून दिशा बदलण्याचं वेगळं, मोठं ऑपरेशन असतं. एव्हीएनमध्ये गोळा अजून दबलेला नसेल तर बाजूनं बारीक ड्रिल करून आतला दाब कमी करतात. तेही छोट्या छेदातूनच होतं, पण त्याची जात निराळी. दोन्हींची सरमिसळ करू नका.

जाहिरातीतलं 'की-होल हिप रिप्लेसमेंट' हा आणखी एक सापळा. खुबा बदलताना छेद लहान ठेवता येतो, स्नायू न कापता पुढून जाता येतं, हे खरं. पण कृत्रिम वाटी आणि गोळा सेंटिमीटरभराच्या छिद्रातून आत जात नाहीत.

५. आधी फिजिओथेरपी मनापासून करा

साधारण तीन महिने. गरम शेक आणि मशिनचे चटके यात मोजू नका, मी बोलते आहे ती कुल्ल्याच्या आणि पोटाच्या स्नायूंच्या ताकदीबद्दल, आणि रोजच्या बसण्या-उठण्यातल्या बदलांबद्दल. ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ३४८ रुग्णांवर यासाठी चाचणी झाली. काहींचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, काहींना नीट आखलेली फिजिओथेरपी दिली. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये तिचा निकाल आला. वर्षभरानं दोन्ही गट सुधारले होते. ऑपरेशनवाले जास्त सुधारले, पण १०० गुणांच्या पट्टीवर फरक ६.८ गुणांचा होता. काही जणांचं ऑपरेशन व्यायामानंच टळतं. ज्यांचं टळत नाही त्यांनाही कमावलेले स्नायू कुबड्यांच्या दिवसांत उपयोगी पडतात. शिवाय मेडिक्लेमवालेही 'आधी काय उपचार केले?' विचारतात, म्हणून फिजिओच्या पावत्या आणि नोंदी ठेवा.

६. सर्जनला हे विचारा

न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा खुब्याचा गोळा आणि वाटी यांच्या मधे काही शिरता येणार नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. आज पाय ओढून ती फट उघडतात, पण सांधा खोल आहे आणि हात बसायला वेळ लागतो. म्हणून गुडघ्या-खांद्यात नावाजलेल्या सर्जनलाही नम्रपणे विचारायचं:

- वर्षाला खुब्याच्या किती आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीची ऑपरेशनं) करता? (फक्त खुब्याच्या.)
- माझा लेब्रम शिवणार की फाटलेला भाग छाटणार?
- सांध्याचं आवरण शेवटी शिवून बंद करणार का?
- हाड पुरेसं घासलं गेलं हे ऑपरेशन टेबलावर कसं तपासता?
- आत अस्तर अपेक्षेपेक्षा खराब निघालं तर काय करणार?

चौथा प्रश्न आगाऊ वाटला तरी विचारा. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पहिल्या वेळी उंचवटा पुरता न निघणं. या प्रश्नांनी चिडणारे सर्जन असतात, तसे कागद ओढून चित्र काढून दाखवणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्यांकडे जा. आणि दुसरं मत घेतलं म्हणून पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

७. मेडिक्लेम आणि कागदांची फाइल

पॉलिसीत सांध्यांच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, तो आधी वाचा. मग हॉस्पिटलच्या विमा डेस्ककडून लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात सर्जन, भूल आणि खोली याशिवाय अँकर (लेब्रम शिवायला हाडात रोवतात ते बारीक खुंटे), हाड घासायचं ब्लेड आणि रेडिओफ्रिक्वेन्सी प्रोब (आतला मऊ भाग कापायची-जाळायची सळई) यांच्या किमती वेगळ्या लिहून घ्या. बिल फुगतं ते इथेच, आणि एकदाच वापरायच्या वस्तूंपैकी काही विमा कंपनी नाकारते. किती अँकर लागतील हे आत गेल्यावरच कळतं, म्हणून एका आकड्याऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा अंदाज मागा.

केसपेपरवर 'त्रास कधीपासून' हा रकाना असतो. खरं तेच सांगा, पण नेमकं सांगा. 'झाली असतील तीन-चार वर्षं' असं सहज बोललेलं वाक्य तसंच लिहिलं जातं आणि पुढे जुना आजार म्हणून दावा अडतो.

फाइलमध्ये ठेवा: आधार, पॅन, पॉलिसीची प्रत, एक्स-रे, एमआरआयची सीडी, सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार, फिजिओच्या नोंदी, रद्द केलेला चेक. डिस्चार्जच्या वेळी अँकरच्या पाकिटावरचे स्टिकर आणि त्यांचं बिल, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि आतले फोटो किंवा व्हिडिओ मागून घ्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची आहे. डेस्कवर ताटकळत बसवलं तर हे शांतपणे आठवण करून द्या.

महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून हीच प्रक्रिया यादीत बसते का, हे दाखल होण्याआधी पक्कं करा.

८. घर आणि कुबड्या आधी तयार ठेवा

कुबड्या ऑपरेशनच्या आधी आणा आणि जिन्यावर सराव करा. नंतर, दुखऱ्या पायानं आणि गुंगीत शिकणं फार कठीण. काखेतल्या कुबड्या असतील तर काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटं अंतर हवं, भार हातावर यायला हवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय आधी. टोकाची रबरं झिजली असतील तर बदला. पावसाळ्यात ओल्या फरशीवर गुळगुळीत रबर म्हणजे पडणं आलंच.

घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानंही मिळते. बाथरूममध्ये न घसरणारं, जरा उंच स्टूल ठेवा. जमिनीवरची गादी काही आठवडे विसरा आणि खोल सोफाही. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहील अशी खुर्ची हवी. दोन्ही हात कुबड्यांत अडकल्यावर चहाचा कपसुद्धा उचलून नेता येत नाही, त्यासाठी गळ्यात अडकवायची शबनम आणि घट्ट झाकणाची बाटली बरी.

तंबाखू-सिगारेट असेल तर थांबवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं आणि आयुर्वेदिक काढे यांची यादी भूलतज्ज्ञांना द्या. काढे सांगायला लोक हमखास विसरतात.

९. ऑपरेशनचा दिवस

यात तुम्हाला करायचं असं काही नाही. भूल दिल्यावर पाय बुटात बांधून ओढतात, सी-आर्म एक्स-रेखाली बघत सांधा साधारण १ सेंटिमीटर उघडतात आणि काम करतात. पाय ओढून ठेवण्याचा वेळ २ तासांच्या आत राहावा असा प्रयत्न असतो.

शुद्धीवर आल्यावर मांडी सुजलेली, जड लागते, ड्रेसिंग गुलाबी पाण्यानं भिजतं. सांध्यात सोडलेलं सलाइन झिरपतं ते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पावलाला बधिरपणा असू शकतो. आणि एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. पाय ओढताना मांड्यांच्या मधे आधाराचा खांब असतो, त्याच्या दाबानं नाजूक जागी बधिरपणा येऊ शकतो. बहुतेकांचा तो काही दिवसांत, कधी आठवड्यांत जातो. पण लाजून गप्प राहू नका, राउंडला डॉक्टर आले की सांगा. बाई असो की पुरुष, त्यांना यात नवं काही नसतं.

१०. पहिले सहा आठवडे

साध्या लेब्रम दुरुस्तीनंतर कुबड्या साधारण २ ते ४ आठवडे, अस्तरासाठी हाडाला बारीक छिद्रं पाडली असतील तर ६ आठवड्यांपर्यंत. पाऊल सपाट टेकवायचं, भार ठरवून दिला असेल तेवढाच. तेवढा म्हणजे किती, हे बाथरूमच्या वजनकाट्यावर पाय ठेवून बघा. पाय पूर्ण उचलून लटकत चालणं सोयीचं वाटतं, पण त्यानं खुब्याच्या पुढचे स्नायू चिडतात.

त्याच कारणानं गुडघा ताठ ठेवून पाय वर उचलण्याचा व्यायाम सुरुवातीला बहुधा बंद असतो. नेमका तोच व्यायाम गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एखादा मावसभाऊ तुम्हाला आग्रहानं शिकवणार. ऐकू नका. तुमच्या फिजिओकडे सर्जनचा लेखी प्रोटोकॉल, म्हणजे कुठल्या आठवड्यात काय करायचं त्याचा कागद, आहे ना, ते बघा. जवळच्या फिजिओनं खुब्याची दुर्बीण कधी हाताळलेली नसेल तर तो कागद दुप्पट महत्त्वाचा.

या दिवसांत करायचं ते असं: घोटे हलवत राहणं, दिवसातून काही वेळ पोटावर झोपणं, सीट उंच करून भार न लावता सायकल आणि घरातल्या कुणाकडून पाय सैल सोडून हळूहळू गोल फिरवून घेणं. आत चिकटून बसू नये म्हणून हे शेवटचं असतं, आणि कंटाळा येऊन तेच आधी सुटतं. घरच्या एकाला हॉस्पिटलमध्येच शिकवून घ्या. दुखणं थांबलं म्हणून सूज उतरवणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. काही सर्जन ती स्नायूंत नको तिथे हाड तयार होऊ नये म्हणून देतात. पित्त झालं तर फोन करून विचारा.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, आणि धोका तिथून पुढे असतो. दुखत नाही, जखम दिसत नाही, म्हणून माणूस कुबडी टाकून लग्नाला जातो. कुबडी सोडायची ती लंगडणं थांबल्यावर. एक कुबडी ठेवायची वेळ येईल तेव्हा ती ऑपरेशनच्या बाजूला नाही, चांगल्या पायाच्या बाजूला धरायची. उभ्या जागी त्या पायावर गिरकी घेऊन वळू नका, छोटी पावलं टाकत वळा.

पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, ताप, छिद्रातून पू किंवा वाढत जाणारं दुखणं: यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. धाप आणि छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सीत.

११. मांडी, उकिडवं, गाडी आणि पळणं

बैठं काम २-३ आठवड्यांनी जमू शकतं, पण तासाभरानं उठायची मुभा मागून घ्या. उभं राहायचं काम, शेतातलं काम, लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास यांना दीड ते तीन महिने धरा. उजव्या खुब्याचं असेल तर गाडी चालवणं साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, तेही अचानक ब्रेक दाबता येतो याची खात्री झाल्यावर. स्कूटरचा प्रश्न वेगळा आहे. थांबल्यावर तिचं वजन पायावर येतं, म्हणून ती गाडीच्या नंतर.

पळणं ३-४ महिन्यांनी, बॅडमिंटन-क्रिकेट ४ ते ६ महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा. इंग्रजी प्रोटोकॉलमध्ये मांडी घालणं आणि उकिडवं बसणं यांचा उल्लेख बहुधा नसतो, कारण तिथे कुणी रोज तसं बसत नाही. म्हणून ते तुम्हीच विचारा: पूजेला पाटावर कधी बसू, विळीवर भाजी कधी चिरू, शाखेत, वर्गात, भजनात मांडी कधी घालू? मला आधी मांडी जमली, उकिडवं बरंच नंतर. काहींचे फिजिओ उकिडवं बसणं कायमचं कमी करायला सांगतात, आणि उंचवटा मोठा होता अशांना ते मानलेलं बरं.

सुधारणा वर्षभर चालू राहते. मधेच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, एखादा आठवडा पुन्हा दुखतं. बहुतेक वेळा व्यायाम एकदम वाढवलेला असतो. दोन-चार दिवस मागच्या पायरीवर या, आणि तरीही थांबलं नाही तर ऑपरेशनच्या नोंदी आणि सीडी घेऊन सर्जनकडे जा. नवा एक्स-रे काढताना डन व्ह्यू लिहून घ्यायला विसरू नका, घासलेलं हाड त्यातच दिसतं.